छोट्या बजेटचा विनोदी चित्रपट: वाई-सांगली भागात शूटिंग कसं आखावं

नाव झालेला दिग्दर्शक कमी पैशांत विनोदी चित्रपट करायला परततो, तेव्हा पहिली चूक युनिटच्या यादीत होते. बजेट छोटं आणि सवयी मोठ्या सेटच्या: व्हॅनिटी, जिमी (कॅमेऱ्याची क्रेन), शंभरावर माणसं. मग कात्री लागते ती तालमींना.

युनिट तीस जणांवर आणा आणि वाचलेल्या पैशातून दहा दिवस तालीम घ्या. छोट्या भूमिका इथल्याच हौशी नटांना द्या. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीतच नाटक उभं केलं. तालमीची सवय असलेले नट या भागात आजही मिळतात. इथल्या बोलीतलं 'काय करालाईस?' हे मुंबईहून आलेला नट पाठ करून म्हणतो, आणि ते लगेच कळतं.

लोकेशन म्हणून वाईजवळच्या मेणवलीचा नदीवरचा घाट सगळ्यांना हवा असतो. 'स्वदेस'मध्येही तो दिसला. पण घाट इतका देखणा, की बघणाऱ्याची नजर नटावरून हटते. त्यापेक्षा वाड्याचा साधा चौक, एक हॉटेल आणि एसटी थांबा, तिन्ही चालत जाण्याच्या अंतरावर निवडा. दिवसाला एकदा सामान हलवलं तरी दोन तास जातात. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी लांबवर ऐकू येतात, म्हणून ज्या वेळी शूट करायचं त्याच वेळी रेकी, म्हणजे जागेची पाहणी, करा. प्रत्येक जागी तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा, एडिटला लागते.

खरी काळजी कॅमेऱ्याची घ्या. दोघांचं भांडण असेल तर 35 एमएम लेन्सवर दोघंही एका चौकटीत ठेवा आणि पूर्ण प्रसंग न थांबवता घ्या. क्लोज-अपवर क्लोज-अप जोडले की टायमिंग नटाच्या हातून एडिटरच्या हातात जातं. माणसं एकमेकांचं वाक्य तोडत बोलणार असतील तर दोन कॅमेरे एकदम लावा. एकाच कॅमेऱ्यानं आळीपाळीनं घेतलं, तर एकाच्या वाक्यावर दुसऱ्याचा आवाज चढतो, पुढच्या टेकमध्ये तो वेगळ्या जागी पडतो आणि कट जुळत नाही. वाक्य संपल्यावर चार सेकंद 'कट' म्हणू नका. ऐकणाऱ्याचा चेहरा त्या वेळातच सापडतो, आणि पुढे तोच उपयोगी पडतो.

रफ कट, म्हणजे पहिला कच्चा एडिट, सांगलीत तीस-चाळीस अनोळखी लोकांना दाखवा, खोलीतला आवाज रेकॉर्ड करा आणि तो एडिटच्या टाइमलाइनवर चित्राखाली लावा. हशानं पुढचं वाक्य झाकलं जात असेल, तिथं ऐकणाऱ्याचा तो चेहरा पंधरा-वीस फ्रेम वाढवा. हशा आलाच नाही, तर आधी विनोदाची तयारी करणारी ओळ छाटून बघा. विनोदच कापणं हा शेवटचा उपाय.