प्रीलॅमिन ए दिसलं म्हणजे जनुकच बिघडलं असं नव्हे: या चुका टाळा

पेशीच्या केंद्रकाच्या आतल्या अस्तराला आकार देणारं लॅमिन ए हे प्रथिन आधी ६६४ अमायनो आम्लांचं प्रीलॅमिन ए म्हणून तयार होतं. त्याच्या शेपटाला फार्नेसिल हा मेदगट चिकटतो, शेवटची तीन आम्लं तुटतात, मिथाइल गट लागतो. मग पटलातून सात वेळा आरपार गेलेलं, जस्तावर चालणारं एन्झाइम आणखी १५ आम्लं छाटतं आणि ६४६ आम्लांचं पक्कं लॅमिन ए उरतं. या एन्झाइमचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे: झेडएमपीएसटीई२४. ते बिघडलं की छाटणी थांबते आणि प्रीलॅमिन ए साचतं.

नाशिकमध्ये एमएस्सीच्या प्रकल्पासाठी यावर वेस्टर्न ब्लॉट (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) करणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा नमुन्यापाशीच अडतं. रक्त सहज मिळतं म्हणून लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घेतात, पण त्यांच्यात लॅमिन ए फारच कमी असतं. डीएनए तपासायला रक्त चालेल, प्रथिनासाठी त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी हव्यात. त्वचेचा तुकडा पुण्या-मुंबईला पाठवायचा असेल तर फॉर्मलिनमध्ये टाकू नका, पेशी मरतात. गोठवूही नका. निर्जंतुक कल्चर माध्यमात ठेवून शक्यतो २४ तासांत पोचवा. मे महिन्यात डबा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवून जेवायला थांबणं म्हणजे नमुना गमावणं.

पुढची चूक गरम करण्याची, आणि ती सर्वांत महागात पडते. एकाच लायसेटमध्ये, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या द्रवात, दोन अगदी वेगळ्या स्वभावाची प्रथिनं असतात. लॅमिन चिवट असतं. पेशी फोडायच्या साध्या रिपा बफरमध्ये ते नीट विरघळत नाही, सेंट्रिफ्यूजनंतर तळाशी बसतं आणि आपण ते फेकून देतो. त्यासाठी पेशी थेट एसडीएसच्या (तीव्र डिटर्जंटच्या) सॅम्पल बफरमध्ये फोडा आणि ९५ अंशांवर ५ मिनिटं ठेवा. नमुना पिपेटच्या टोकाला शेंबडासारखा लोंबत असेल तर तो डीएनए आहे. २६ गेजच्या सुईतून आठ-दहा वेळा ओढा, तार तुटते. याउलट एन्झाइम पटलाच्या मेदात राहणारं, उकळलं की त्याचे गोळे होतात आणि ते जेलच्या विहिरीतच अडकून बसतं. ५५ किलोडाल्टनजवळ (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) पट्टा दिसत नाही आणि आपण अँटिबॉडीला दोष देतो. म्हणून लायसेटचे दोन भाग करा. एन्झाइमचा भाग ३७ अंशांवर २० ते ३० मिनिटंच ठेवा. तो छोट्या छोट्या नळ्यांत विभागूनच गोठवा. पुन्हा पुन्हा वितळवला तरी गोळे होतात. वीज गेली तर फ्रीझरचं दार उघडून बघू नका.

प्रीलॅमिन ए आणि लॅमिन ए यांच्यात जेलवर जेमतेम दोन किलोडाल्टनचं अंतर दिसतं. १२ टक्क्यांच्या जेलवर दोन्ही एकच जाड पट्टा होतात. ७ किंवा ८ टक्क्यांचं जेल घ्या आणि मार्करचा ५० चा पट्टा तळाजवळ येईपर्यंत चालू द्या.

पट्टा आला तरी निकाल घाईने लिहू नका. पेशींना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) दिलं असेल तर फार्नेसिल लागत नाही, आणि ते नसेल तर निरोगी एन्झाइमही छाटत नाही. प्रीलॅमिन साचतं, दोष मात्र जनुकाचा नसतो. एचआयव्हीवरचं लोपिनॅव्हिर थेट एन्झाइमच अडवतं, त्यामुळे सकारात्मक नियंत्रण म्हणून ते उपयोगी आहे. सोबत औषधाविना, फक्त डीएमएसओ हे द्रावक दिलेल्या पेशींची थाळी हवीच. आणि प्रोजेरिन, म्हणजे लॅमिन ए चं सदोष रूप? त्यात छाटण्याची जागाच नसते. तो दोष लॅमिन ए च्या एलएमएनए जनुकाचा, झेडएमपीएसटीई२४ चा नाही.

लॅमिनला चमकता टॅग लावायचा तर पुढच्या टोकाला लावा. मागे लावलात तर फार्नेसिल लागण्याची खूणच झाकली जाते.

एन्झाइमची क्रियाशीलता मोजताना ईडीटीए असलेलं प्रोटिएज-रोधक मिश्रण वापरू नका, ते जस्त ओढून घेतं. पीएमएसएफ या दुसऱ्या प्रोटिएज-रोधकाचा या एन्झाइमवर परिणाम होत नाही, तेव्हा ते घातलं म्हणून नकारात्मक नियंत्रण झालं असं मानू नका. त्यासाठी जस्त ओढून घेणारं फेनॅन्थ्रोलिन घ्या.

जनुकाच्या अनुक्रमणात (डीएनएची अक्षरं वाचताना) ९ व्या एक्झॉनमधला, म्हणजे जनुकाच्या नवव्या तुकड्यातला, १०८५ व्या अक्षराजवळचा जादा टी फसवतो. तिथे टी ची सलग ओळ आहे, डीएनएची नक्कल करणारं पॉलिमरेज घसरतं. दोन्ही बाजूंनी वाचा. एका प्रतीवर बदल सापडला तर ती व्यक्ती वाहक असू शकते. आजार दोन्ही प्रतींमध्ये दोष असताना होतो. आईवडिलांचे नमुने तपासल्याशिवाय अहवाल हातात देऊ नका.