अरुंद नळीतील कणांचे विसरण संगणकावर कसे पडताळावे

विसरण म्हणजे यादृच्छिक हालचालींमुळे कणांचे पसरत जाणे. नळीची रुंदी कणाच्या व्यासाच्या दुपटीहून कमी असली, की मागचा कण पुढच्याला ओलांडू शकत नाही आणि रांगेतला क्रम कायम राहतो. मोकळ्या कणाचे सरासरी वर्ग विस्थापन, म्हणजे कण मूळ जागेपासून जितका सरकला त्या अंतराच्या वर्गाची सरासरी, काळाच्या प्रमाणात वाढते. अशा रांगेतल्या एखाद्या ठरावीक कणाचे मात्र ते काळाच्या वर्गमूळाच्याच प्रमाणात वाढते. गणितज्ञ टी. ई. हॅरिस यांनी १९६५ मध्ये हे गणिताने दाखवले, आणि २००० मध्ये जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठाच्या संशोधकांनी गोलाकार चरांत ठेवलेल्या कलिली (द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म) कणांचा सूक्ष्मदर्शकाखाली माग काढून ते प्रयोगाने दाखवले. हा नियम घरच्या संगणकावरही पडताळता येतो. त्यासाठीचा प्रोग्राम अगदी छोटा असतो. चुका होतात त्या सुरुवातीची मांडणी करताना आणि मोजणी करताना.

नळीऐवजी २,००० घरांचे एक वर्तुळ घ्यावे आणि त्यातली १,००० घरे यादृच्छिकपणे निवडून प्रत्येकात एक कण ठेवावा. दर वेळी एक कण यादृच्छिकपणे निवडावा, डावी की उजवी दिशा हेही यादृच्छिकपणे ठरवावे, आणि शेजारचे घर रिकामे असेल तरच कण तिथे हलवावा. घर भरलेले असेल तर तो प्रयत्न वाया गेला असे समजावे, पण मोजणीत मात्र तो धरावा. असे १,००० प्रयत्न झाले की काळाचे एक एकक पूर्ण झाले. कण ओळीने एकामागून एक हलवू नयेत, कारण पुढचा कण आधी हलल्याने मागच्याला आयती जागा मिळते आणि एका दिशेला झुकते माप पडते. कोणते घर भरलेले आहे एवढीच नोंद पुरत नाही, कारण तेवढ्यावरून कोणता कण कुठे गेला हे कळत नाही. म्हणून प्रत्येक कणाचा क्रमांक आणि त्याचे एकूण विस्थापन वेगळे साठवावे. वर्तुळाचा सांधा ओलांडताना घराचा क्रमांक १,९९९ वरून ० वर येतो, पण विस्थापनात एकाचीच भर पडली पाहिजे.

१०,००० एककांपर्यंत प्रोग्राम चालवून, विस्थापनाच्या वर्गाची सर्व कणांवरील सरासरी काळासमोर मांडावी आणि दोन्ही अक्ष लॉग प्रमाणात घ्यावेत. पहिल्या एककाच्या आत आलेखाचा चढ १ च्या जवळ असतो, कारण कणाने अजून एखादीच उडी मारलेली असते आणि शेजाऱ्यांच्या अडवणुकीचा परिणाम साठलेला नसतो. नंतर तो हळूहळू ½ वर उतरतो. नुसता चढ पाहून समाधान मानू नये, आकडाही जुळला पाहिजे. दीर्घकाळात हे सरासरी वर्ग विस्थापन म्हणजे ०.७९८ गुणिले काळाचे वर्गमूळ गुणिले रिकाम्या घरांचे भरलेल्या घरांशी गुणोत्तर. आपल्या मांडणीत हे गुणोत्तर १ आहे, म्हणून १०,००० एककांनंतर उत्तर सुमारे ८० यायला हवे, म्हणजे कण साधारण नऊ घरे सरकलेला असतो. एकटा कण तेवढ्याच काळात साधारण शंभर घरे सरकला असता.

वर्गमूळ येते कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. कणाला दूर जायचे तर त्याच्या पुढची रांगच हटावी लागते. ठरावीक काळात घनतेतला चढउतार जेवढ्या पट्ट्यात पसरू शकतो, त्या पट्ट्याची लांबी काळाच्या वर्गमूळाएवढी असते. त्या पट्ट्यातल्या कणसंख्येच्या चढउताराचा वर्ग पट्ट्याच्या लांबीच्या प्रमाणात असतो, आणि आपला कण नेमका तेवढ्यानेच ढकलला जातो.

उत्तर ८० च्या ऐवजी ५६ च्या आसपास आले, तर सुरुवातीची मांडणी तपासावी. कण एकाआड एक घरात नीटनेटके ठेवले, तर सुरुवातीचा चढउतार नाहीसा होतो आणि उत्तर √२ ने भागले जाते, चढ मात्र ½ च राहतो. म्हणूनच ही चूक नुसता आलेखाचा चढ पाहून लक्षात येत नाही. उत्तर ७५ आले, तर बहुधा सर्व कणांच्या सरासरी विस्थापनाची वजाबाकी झालेली असते. ती सवयीने करणारे अनेक आहेत, पण इथे ती करू नये: सरासरी विस्थापनाच्या वर्गाचा या काळातला ५ चा वाटा नियमाचाच भाग आहे.

चढ पुन्हा १ कडे वळू लागला, तर वर्तुळ लहान पडले असे समजावे. १०० घरे आणि ५० कण घेतले, तर सुमारे ६,४०० एककांच्या आसपासच सगळी रांग एकत्र सरकण्याचा परिणाम वर्गमूळाच्या नियमाला गाठतो, आणि पुढे रांगच एखाद्या जड कणासारखी विसरण पावते.

एका फेरीत १,००० कण आहेत म्हणून १,००० स्वतंत्र मोजण्या झाल्या, असे धरू नये. १०,००० एककांत शेजारचे कित्येक डझन कण एकत्रच सरकलेले असतात, त्यामुळे खऱ्या अर्थाने स्वतंत्र गट मोजकेच उरतात. निदान ५० वेगवेगळ्या सुरुवातींपासून फेऱ्या घ्याव्यात, आणि त्रुटीचा अंदाज कणांच्या पसरणीवरून न काढता फेऱ्यांमधल्या फरकावरून काढावा.