हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: आधी तिथी बघा, मग रूम बुक करा

हरिहरेश्वरला जाणारे बहुतेक जण आधी वीकेंड बघतात, मग हॉटेल, मग गाडी, आणि समुद्राचं काय चाललंय ते तिथे पोचल्यावर कळतं. माझं म्हणणं आहे की हे उलटं करा. तिथली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे देवळामागच्या डोंगराला समुद्राच्या अंगाने घालायची प्रदक्षिणा, आणि ती वाट ओहोटीलाच मोकळी होते. भरतीला तिथे लाटा आपटत असतात, काही ठिकाणी तर वाट अशी उरतच नाही. त्या खडकांवरून माणसं ओढली गेलीत, जीव गेलेत, म्हणून हे एवढं लिहितोय.

माझी आत्या श्रीवर्धनची, आम्ही मे महिन्यात तिच्याकडे जायचो तेव्हा हरिहरेश्वरला कधी जायचं ते ती भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून सांगायची. हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, दुपारी 3 च्या आसपास भरती आणि पहाटे 3 च्या आसपासही. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊ. शुद्ध असो वा वद्य, मोजायचं प्रतिपदेपासूनच, पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही 15 धरायच्या. रोज वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे मोबाईलवर भरती-ओहोटीचं टाइमटेबल पण बघा, पण हा हिशोब डोक्यात असला की रेंज नसली तरी अडत नाही.

आता कुठली तिथी चांगली? द्वितीया, तृतीया, चतुर्थी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाचा जोर अजून असतो म्हणून ओहोटीला पाणी लांब मागे जातं, आणि ही ओहोटी सकाळी साधारण पावणेआठ ते सव्वानऊच्या मध्ये येते, ऊन तापलेलं नसतं, वारा पडलेला असतो. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, तेच, सकाळपर्यंत वारा जमिनीकडून असतो आणि दुपारनंतर समुद्रावरून सुटतो, लाटा उठायला लागतात. त्यामुळे सकाळची ओहोटी आणि दुपारची ओहोटी यात खूप फरक आहे.

सगळ्यात वाईट दिवस म्हणजे अष्टमी, नवमी, दशमी. भांगाचं पाणी, म्हणजे उधाणाच्या उलट, चढउतार कमी, असल्यामुळे ओहोटीला फार मागे हटत नाही, ती ओहोटी पण भर दुपारी 12 ते दीडमध्ये येते, आणि आपले लोक जेवून झोपून 5 वाजता सनसेट बघायला खडकांवर उतरतात तेव्हा पाणी चढत असतं, 6 ते साडेसातच्या दरम्यान पूर्ण भरती. फोटो चांगले येतात म्हणून माणूस पुढे पुढे सरकत जातो आणि मागची वाट कधी बंद झाली कळत नाही. त्या दिवसांत सनसेट बीचवरून बघा, तिथूनही सुंदरच दिसतो.

पाणी एकसारखं चढत नाही हे पण लक्षात ठेवा. भरती लागल्यावर पहिल्या तासात काही होतंय असं वाटतच नाही, पण तिसऱ्या-चौथ्या तासात सपाट्याने चढतं, त्या 2 तासांतच जवळजवळ निम्मी भरती होते. म्हणून ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी उतरायला लागा आणि पूर्ण ओहोटीनंतर अर्ध्या तासात वर या. रमतगमत, फोटो काढत तासाभरात होते प्रदक्षिणा.

जून ते सप्टेंबर मात्र नकोच. ओहोटी असली तरी नको. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते, पाण्यात जन्म काढलेली माणसं होड्या वर ओढून बसतात तिथे आपण चपला घालून खडकावर काय करणार. पावसाळा सोडूनही कधीकधी लांबून आलेल्या मोठ्या लाटा येतात, आकाश निरभ्र असतं आणि लाट मात्र पुरुषभर उंच. हवामान खात्याचा किंवा इन्कॉइसचा (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) उंच लाटांचा इशारा आहे का ते आदल्या रात्री बघा, असेल तर खाली उतरू नका.

पद्धत अशी की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, आणि परत काळभैरवाचं. प्रदक्षिणेला आधी पायऱ्या चढायच्या, मग दोन कड्यांच्या मधल्या अरुंद घळीतून एकदम उभ्या पायऱ्या समुद्राकडे उतरतात. ही उतरण मला सगळ्यात आवडते, दोन्ही बाजूंना काळा दगड, वर आकाशाची पट्टी आणि समोर अचानक समुद्र. पण खाली गेल्यागेल्या पुढे धावू नका. सुक्या जागेवर थांबा, 10-15 मिनिटं नुसतं बघा. लाटा सारख्या येत नाहीत, बऱ्याच लहान येतात आणि मग दोन-तीन मोठ्या एकामागोमाग येतात. मोठ्यातली मोठी कुठपर्यंत भिजवतेय ते बघायचं आणि त्याच्या बऱ्यापैकी वरून चालायचं. खडक ओला आणि काळाभोर दिसतोय म्हणजे पाणी तिथे येऊन गेलंय. हिरवं दिसतंय ते शेवाळ, तिथे पाय ठेवलात की घसरलात.

खडक बघत चला पण. सगळा बेसाल्ट, आणि त्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. खारं पाणी दगडाच्या फटीत मुरतं, सुकतं, मिठाचे खडे फुगतात आणि दगडाचा कण कण सुटतो, अशी कित्येक वर्षं चालून ती जाळी तयार झालीय. मी दर वेळी तिथे हात लावून बसतो. पाण्याजवळच्या खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या, अनवाणी चालणाऱ्यांचे पाय कापतात. स्लिपर नको, मागे पट्टा असलेले ग्रिपवाले सँडल घाला. हात मोकळे ठेवा, पाठीला छोटी सॅक, पाणी, टोपी. फोटो काढताना समुद्राकडे पाठ करायची नाही, दुसऱ्या कुणीतरी लाटांवर नजर ठेवायची.

गुडघे दुखत असतील त्यांना त्या पायऱ्या उतरवू नका, उतरण जमते पण पाय थरथरायला लागतात आणि मग खडकांवर तोल जातो. मागच्या खेपेला आम्ही आईला वर देवळातच बसवलं, ती मजेत होती. लहान मुलं असतील तर प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस हवा, हात धरून. आणि बोर्डवर किंवा गावातल्या कुणी 'आज नको' म्हटलं तर वाद घालू नका, मागे फिरा.

चुकून कुणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी मारू नका, पोहता येत असलं तरी. खडकावर आपटणाऱ्या लाटेत पोहणं चालत नाही. रिकामा कॅन, झाकण लावलेल्या बाटल्या भरलेली सॅक, तरंगणारं काहीही त्याच्याकडे फेका, ओढणी-दोरी असेल तर आडवं झोपून टाका, आणि 112 ला फोन करा. तटरक्षक दलाचा नंबर 1554, सेव्ह करून ठेवा.

पोचायचं तर ट्रेनने माणगावला उतरून पुढे म्हसळामार्गे एसटी किंवा रिक्षा-टॅक्सी, 60-65 किलोमीटर आहे, वळणावळणाचा रस्ता. सकाळची ओहोटी पकडायची असेल तर आदल्या दिवशी मुक्कामालाच या, मुंबई-पुण्याहून पहाटे निघून पोचायची घाई करून कुणाचं भलं झालेलं नाही. उतरायच्या आधी सकाळीच घरगुती खाणावळीत जेवणाचं सांगून ठेवा, उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्रीच. दुपारी वेळ उरला तर बागमांडल्याच्या जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर, गाडी चढवून पलीकडे वेसवीला उतरा, तिथून बाणकोट, वेळास जवळ आहे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दिसू शकतात.