क्लास-ए ॲम्प घरी आणण्याआधी

दुकानात जाण्याआधी आपल्या स्पीकरच्या माहितीपत्रकातले दोन आकडे लिहून घ्या: सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल आवाज) आणि इम्पिडन्स (करंटला होणारा विरोध, ओहममध्ये). क्लास-ए ॲम्पमधले ट्रान्झिस्टर गाणं असो-नसो सतत पूर्ण चालू असतात. त्यात वॅट मोजकेच मिळतात, त्यामुळे सगळी निवड या दोनांवरच ठरते. अक्युफेजचा ई-६५० हा भारदस्त जपानी ॲम्प ८ ओहमला ३० वॅट देतो, पास लॅब्जचा एक्सए२५ फक्त २५. (हा नुसता पॉवर ॲम्प आहे, आवाज कमी-जास्त करणाऱ्या प्रीॲम्पचे पैसे वेगळे धरा.) किंमत ऐकल्यावर हे वॅट सांगितले की घरचे वेड्यात काढतात. पण हिशेब करा. घोडबंदर रोडच्या टू-बीएचकेच्या हॉलमध्ये आपण स्पीकरपासून आठेक फुटांवर बसतो. ८७ डेसिबलचा स्पीकर २५ वॅटला एक मीटरवर १०१ डेसिबलपर्यंत जातो. आठ फुटांवर त्यातले सात-आठ कमी होतात, पण दुसरा स्पीकर आणि भिंती मिळून बरेचसे परत येतात. रात्री शेजाऱ्यांचा विचार करून ७५ डेसिबलच्या आसपास ऐकताना एक वॅटही लागत नाही. स्पीकर ८३-८४ डेसिबलचा असेल आणि इम्पिडन्सही ४ ओहमच्या खाली जात असेल, तर मात्र आधी स्पीकर बदला. ४ ओहमवर क्लास-एमधले वॅट निम्मे होतात, त्यापुढे ॲम्प क्लास-एबीत सरकतो, म्हणजे जोडीतले दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करू लागतात.

दुकानदाराला विचारायचा प्रश्न एकच: गाणं बंद असताना हा किती वीज खातो? पुश-पुल (ट्रान्झिस्टरांच्या जोडीने चालणाऱ्या) क्लास-एची कार्यक्षमता कागदावरसुद्धा ५० टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून ५० वॅट क्लास-ए देणाऱ्याने नुसतं बसून किमान १०० वॅट खाल्लेच पाहिजेत, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. एक्सए२५ २४० वॅट खातो. उत्तर ४० वॅट आलं, तर पाटी काहीही असो, तो ॲम्प एबी आहे. तेही वाईट नाही. चांगला एबी ॲम्प पहिला एखादा वॅट क्लास-एमध्येच देतो, आणि हळू आवाजात ऐकणाऱ्याने खिसा रिकामा करण्याआधी असा एखादा ऐकून बघावाच.

आता बिल. २४० वॅट रोज तीन तास म्हणजे महिन्याला साधारण २२ युनिट. महावितरणचं बिल त्याने फार फुगत नाही, त्रास होतो तो उष्णतेचा. आवाज वाढवा की कमी करा, ती सगळी वीज खोलीत उष्णता होऊनच पडते आणि मे महिन्यात ती बाहेर काढायला एसीला जास्त राबावं लागतं. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात हा ॲम्प ठेवायचा नाही. वर निदान वीतभर मोकळी जागा हवी, दोन्ही बाजूंना हवा खेळती हवी. वर क्रोशाचा रुमाल किंवा गणपतीची मूर्ती नको. आतले कपॅसिटर उष्णतेनेच म्हातारे होतात: तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. हीटसिंक हाताला चटका देतील इतके तापतात, लहान मूल असेल तर जागा उंचावर शोधा. पण भिंतीतली फळी नको, कारण वजन सहज २५ ते ३५ किलो भरतं.

इलेक्ट्रिशियनला एकदा बोलवा. अर्थिंग तपासून घ्या, १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढा. मोठा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर इतका करंट ओढतो की एमसीबी पडू शकतो. सी प्रकारचा एमसीबी बसवला की बहुतेकदा भागतं. इन्व्हर्टरच्या लाइनवर ॲम्प लावू नका. जपानहून आलेला जुना सेट स्वस्त दिसला तर मागची पाटी वाचा: तो १०० व्होल्टचा निघाला तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचं लोढणं कायमचं गळ्यात.

केबलवर वेळ घालवू नका.

ऐकायला जाताना तंबोरा ठळक असलेलं एखादं ध्वनिमुद्रण न्या, विलंबित ख्यालाची सुरुवात उत्तम. जवारीची, म्हणजे तार घोडीला हलकेच घासून उठणारी, बारीक गुंजन सतत खालच्या पातळीवर चालू असते, आणि एबीमध्ये दोन ट्रान्झिस्टरांच्या हस्तांतरात होणारी विकृती कुठे जाणवायची असेल तर तिथेच. ॲम्प किमान अर्धा तास तापलेला असू दे. दोन ॲम्पची तुलना करताना स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरून व्होल्टेज सारखं करून घ्या. जरा मोठा वाजणारा नेहमीच बरा वाटतो आणि विक्रेत्याला ते ठाऊक असतं. शेवटचा निर्णय मात्र आपल्या हॉलमध्ये, आपल्याच स्पीकरवर. घरी डेमो द्यायला तयार नसलेल्याकडून घेऊ नका. दुरुस्ती मुंबईत होते की पेटी परदेशी पाठवावी लागते, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घ्या. खोका आणि आतलं पॅकिंग माळ्यावर जपून ठेवा, दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर ते लागणारच.