जुळ्या वेबरचं ट्यूनिंग: जेटला हात सगळ्यात शेवटी

माझ्या जुन्या गाडीच्या चार सिलिंडरच्या इंजिनावर दोन वेबर ४० डीसीओई कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारी यंत्रं) बसवलेले आहेत. एकेका कार्ब्युरेटरला दोन बॅरल (हवा जाणाऱ्या नळ्या), म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचं बॅरल आणि स्वतःचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे, बारीक भोकाचे तुकडे). त्यामुळे पिकअप खणखणीत मिळतो, पण चारपैकी एक बॅरल बिघडलं की सगळं इंजिन डळमळतं.

कार्ब्युरेटर उघडण्याआधी मी टॅपेट, प्लग, पॉइंटचा गॅप आणि टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) याच क्रमाने तपासते. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं जाम असतील तर टायमिंग पुढे सरकत नाही, आणि गाडी अगदी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) जेट असल्यासारखी मरगळते. मग पेट्रोलचा दाब. या वेबरला साधारण ३ पीएसआय पुरतात. इलेक्ट्रिक पंपाने जास्त दाब दिला तर फ्लोटची सुई (पेट्रोलची आवक बंद करणारी) सीटवरून उचलली जाते, पेट्रोल वाहतं, आणि आपण उगाच मिक्श्चर स्क्रू पिळत बसतो. रेग्युलेटर लावा आणि गेजवर प्रत्यक्ष आकडा बघा. काम करताना अग्निशामक हाताशी असू द्या.

आता माझ्या वहीतलं एक पान. ४००० आरपीएमला इंजिन अडखळायचं, त्याच्या खाली आणि वर ठीक. मी तीन रविवार मेन जेट (वरच्या वेगाला पेट्रोल पुरवणारा) बदलत राहिले. दोष निघाला कार्ब्युरेटर मॅनिफोल्डवर धरणाऱ्या नटांत. मध्ये रबरी ओ-रिंग असते आणि नटाखाली स्प्रिंगसारखे थॅकरे वॉशर. मी नट पूर्ण आवळून टाकले होते. वॉशर दबले, इंजिनाची थरथर थेट कार्ब्युरेटरमध्ये गेली आणि फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल फेसाळलं. जेटमधून पेट्रोलऐवजी फेस आला तर मिक्श्चर लीन होणारच. वॉशरच्या वेटोळ्यांमध्ये सुमारे १ मिलिमीटर फट राहील एवढेच नट आवळा. कार्ब्युरेटर हाताने किंचित हलला पाहिजे.

एवढं झाल्यावर आयडलिंग. इंजिन पूर्ण गरम करा आणि दोन कार्ब्युरेटरना जोडणारी लिंकेज सुटी करा. हवेचा प्रवाह मोजणारं मीटर तोंडाशी धरून दोन्हीकडे सारखी हवा येईपर्यंत आयडल स्पीड स्क्रू जुळवा. मग एकेका बॅरलचा मिक्श्चर स्क्रू हळूहळू आत घ्या. इंजिन लडखडलं की उलटा बाहेर काढत जा, जिथे आवाज सर्वात एकसारखा आणि आरपीएम सर्वात जास्त, तिथे थांबा. चारही झाले की पुन्हा पहिल्यापासून, कारण एकाने दुसरा थोडा बिघडतो. लिंकेज जोडल्यावर हवा परत मोजा. जुन्या, जाड आट्यांच्या स्क्रूला पूर्ण बंद स्थितीपासून साधारण पाऊण ते दीड फेरा लागतो, बारीक आट्यांच्या नव्या प्रकाराला अडीचच्या आसपास. याहून फारच जास्त उघडावा लागला तर आयडल जेट लहान आहे.

एखादा स्क्रू पूर्ण बंद केला तरी इंजिनाच्या आवाजात फरकच नाही? मग त्या बॅरलचा आयडल जेट चोंदलाय. भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, धुळीचा एक कण पुरतो. हवेच्या झोताने साफ करा, तार कधीही घालू नका. तारेने भोक मोठं होतं आणि मग जेटवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

नाव आयडल जेट असलं तरी रोजच्या रस्त्यावर सावकाश चालताना गाडी जवळपास सगळा वेळ त्याच्यावरच चालते. थ्रॉटल थोडा उघडला की प्रोग्रेशनची (आयडलवरून मेन जेटकडे जातानाची) बारीक भोकं एकामागून एक उघडी पडतात, आणि त्यांनाही तोच जेट पेट्रोल पुरवतो. म्हणून हळू रेस देताना कार्ब्युरेटरच्या तोंडातून ‘फट्’ असा आवाज आला तर मेन जेटकडे जाऊच नका, आधी आयडल जेट बघा. ‘५०एफ८’ मधला ५० म्हणजे ०.५० मिलिमीटरचं पेट्रोलचं भोक, आणि ‘एफ’ पुढचा आकडा हवेच्या भोकाचा. हे आकडे चढत्या क्रमाने नाहीत, याने मी बराच काळ चकले. पेट्रोलचं भोक तेच ठेवलं तर एफ९ हा एफ८ पेक्षा रिच (पेट्रोल जास्त) आणि एफ११ लीन.

अचानक पूर्ण थ्रॉटल दिल्यावर क्षणभर दम गेला, तर दोष अॅक्सिलरेटर पंपाचा. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, थ्रॉटल हाताने उघडा आणि दोन्ही बॅरलमध्ये लगेच, सरळ पिचकारी पडते का पाहा.

मेन जेटची सुरुवात मी व्हेंचुरीच्या (बॅरलमधल्या अरुंद गळ्याच्या) मापाच्या चौपटीने करते, ३० मिलिमीटरला १२०, म्हणजे १.२० मिलिमीटरचं भोक. मेन जेट मेन सर्किटच्या सगळ्या पट्ट्यात फरक करतो, एअर करेक्टर (त्या पेट्रोलात हवा मिसळणारा जेट) मुख्यतः वरच्या आरपीएमला. करेक्टर मोठा केला की तिथे लीन होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. प्लगचा रंग आजच्या पेट्रोलवर पूर्वीइतका बोलका राहिलेला नाही, म्हणून मी एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर बसवला, तो हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवतो. पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १३ दिसलं की मी पाना खाली ठेवते. फिल्टर बदलला तर मात्र ही मोजणी परत करावी लागते.