आजचा वाद समजायला चर्चचा इतिहास कसा वाचायचा: बिशप कोण नेमणार?

चीनमधल्या बिशपांच्या, म्हणजे एकेका भागातल्या चर्चच्या प्रमुखांच्या, नेमणुकीवरून व्हॅटिकनने २०१८ ला तिथल्या सरकारशी करार केला, आणि तेव्हापासून आपल्या कॅथलिकांत वाद चाललाय, कुणी म्हणतं पोपने चर्च विकलं, कुणी म्हणतं दुसरा मार्गच नव्हता. अशा वेळी इतिहास उघडा, पण स्वतःच्या बाजूचा एखादा दाखला शोधायला नको.

आधी प्रश्न बारीक करा. "चर्च आणि सरकार" म्हणून सुरुवात केली तर कुठेच पोचणार नाही, "बिशपचं नाव कोण सुचवतं आणि शेवटचा शब्द कुणाचा" एवढंच धरा.

मग आजपासून मागे मागे जा. पोपच सगळीकडे बिशप नेमतो हे आपल्याला कायमचं वाटतं, पण लॅटिन चर्चमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या पाश्चात्य शाखेत, हा सर्वसाधारण नियम म्हणून कायद्यात पक्का झाला तो चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत. त्याआधी पोपशी झालेल्या १५१६ च्या करारानं फ्रान्सचा राजा नावं देत होता. अजून मागे पोप आणि जर्मन सम्राट यांच्यातला ११२२ चा वर्म्सचा तह, तिथे सम्राटाने बिशपला अंगठी आणि काठी, म्हणजे त्या पदाची चिन्हं, द्यायचा हक्क सोडला. आणि ३७४ मध्ये मिलानच्या लोकांनी अँब्रोजला बिशप म्हणून निवडलं तेव्हा त्याचा बाप्तिस्माही झाला नव्हता!

आता आपल्या घरातलं उदाहरण घ्या, इथे जरा थांबाच. पाद्रोआदोमुळे, म्हणजे पोपने पोर्तुगालला दिलेल्या हक्कामुळे, तिथला राजा भारतातले बिशप सुचवायचा, बदल्यात मिशनचा खर्च त्याच्याकडे. इंग्रजांना मुंबईत पोर्तुगीज राजाची माणसं नको होती म्हणून १७२० ला त्यांनी कार्मेलाइट संघाच्या फादरांना आणलं, आणि १७९४ पासून तर एकाच मुंबईत दोन अधिकार, काही चर्च पाद्रोआदोची, काही प्रोपगंडाची, म्हणजे थेट रोमच्या हाताखालची. हा दुहेरी कारभार १९२८ पर्यंत चालला, आणि तो मिटवतानाही ठरलं काय तर मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश! स्थानिक माणूस कुठेच नाही. व्हॅलेरियन ग्रेशियस १९५० मध्ये मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. मला हे फार लागतं, कारण दोन सत्तांच्या ओढाताणीत इथल्या भाविकांना कुणी विचारलंच नाही, म्हणून चीनबद्दल वाचतानाही पहिला प्रश्न हाच ठेवा की तिथल्या साध्या कॅथलिक माणसाला कोण विचारतंय.

साम्य दिसलं की लगेच फरकही लिहून काढा. पोर्तुगालचा राजा कॅथलिक होता, चर्च बांधायला पैसे देत होता, चीनचा सत्ताधारी पक्ष नास्तिक आहे, त्यामुळे "पूर्वीही असंच होतं" एवढं म्हणून सुटता येत नाही.

अजून एक, श्रद्धेचा भाग आणि कारभाराचा नियम वेगळे ठेवा. बिशप येशूच्या प्रेषितांचा वारस, ही श्रद्धा, त्याचं नाव कुणी सुचवायचं हा नियम, आणि तो बदलत आलाय.

शेवटी कागद बघा. २०२३ मध्ये शांघायला व्हॅटिकनला न विचारता बिशप बदलून आणला गेला आणि पोपनी नंतर मान्यता दिली, हे जाहीर आहे. कराराचा मजकूर मात्र अजून जाहीर नाही, २०२४ ला तो चार वर्षांनी वाढवला तरीही, त्यामुळे त्यातली कलमं सांगणारी पोस्ट दिसली तर फॉरवर्ड करू नका.