माया लिपी वाचायला शिकायचीय? कोकोच्या पेल्यापासून सुरू करा

माया लिपी शिकायची म्हटलं की बहुतेक जण आधी 'माया अल्फाबेट' असं सर्च करतात, मग ए ते झेड असा एखादा रंगीत चार्ट मिळतो, त्यात स्वतःचं नाव लिहून डीपीला लावलं की झालं. लावा खुशाल, पण त्याचा खऱ्या माया लिपीशी काही संबंध नाही, कारण मेक्सिको-ग्वाटेमालाच्या भागातल्या माया लोकांकडे अल्फाबेट नव्हतंच. या एका गैरसमजामुळे भलेभले विद्वान जवळजवळ नव्वद वर्षं एकाच जागी गोल फिरत होते, तो किस्सा पुढे येतोच.

माझं म्हणणं असं की शेकडो चिन्हांची यादी पाठ करायच्या भानगडीत पडू नका. ही लिपी ज्या क्रमाने उलगडली साधारण त्याच क्रमाने शिका, म्हणजे आधी आकडे, मग अक्षरं, मग नावं आणि शेवटी क्रियापदं. असं केलं की प्रत्येक गोष्ट कुणाला कशी कळली तेही कळतं आणि डोक्यात टिकतं.

आधी थोडं, ही लिपी गेली कुठं

एका दिवसात गेली नाही. दक्षिणेकडची मोठी शहरं नवव्या शतकात ओस पडत गेली, दगडावर लांब तारखा कोरणं थांबलं, त्यातली शेवटची आपल्याला माहीत असलेली तारीख तोनिना या शहरातली, इसवी सन 909 ची. पण उत्तरेला युकातानमध्ये, म्हणजे मेक्सिकोच्या द्वीपकल्पात, झाडाच्या सालीच्या कागदावर चुन्याचा लेप देऊन घडीची पुस्तकं लिहिणं चालूच होतं. मग स्पॅनिश आले. जुलै 1562 मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने ही पुस्तकं ढिगाने जाळली, त्यात सैतानाच्या थापा आहेत म्हणून. आपल्याकडे लोक सगळा दोष या एका होळीवर टाकून मोकळे होतात, पण मला वाटतं खरा घाव वेगळाच होता. मिशनच्या शाळांत माया पोरांना रोमन अक्षरं शिकवली गेली, लेखक घराण्यांची पुढची पिढी जुनी लिपी शिकलीच नाही, दोन-तीन पिढ्यांत वाचणारं कुणी उरलं नाही. भाषा मात्र जिवंत राहिल्या, आजही तीसेक माया भाषा बोलल्या जातात आणि बोलणारे लाखोंनी आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पुस्तकं उरली फक्त 4. ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिस इथे एकेक आणि चौथं मेक्सिको सिटीत, जे खरं की बनावट यावर कितीतरी वर्षं भांडणं चालली आणि 2018 मध्ये ते अस्सल ठरलं. तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी ड्रेस्डेनचं, तिथल्या लायब्ररीने ते स्कॅन करून फुकट ठेवलंय. दोन-चार पानांचे प्रिंट काढा, स्क्रीनवर झूम करत बसण्यापेक्षा कागदावर पेन्सिलीने खुणा केल्या की लवकर जमतं.

कुठून कुठे वाचायचं

इथेच निम्मे लोक अडकतात. दगडावरचा लेख म्हणजे चौकोनी ठोकळ्यांची जाळी दिसते. वरून खाली एकेक रांग वाचायची नाही आणि सरळ आडवंही जायचं नाही, दोन उभ्या रांगांची जोडी धरायची. पहिल्या ओळीतला डावा ठोकळा, मग त्याच्या शेजारचा उजवा, मग खालच्या ओळीतला डावा, उजवा, असं खालपर्यंत, आणि मग वर येऊन पुढची जोडी. एका ठोकळ्याच्या आतसुद्धा साधारण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली. सुरुवात कुठल्या बाजूला आहे हे ओळखायची युक्ती म्हणजे चिन्हांमधले चेहरे बघा, ते लेखाच्या सुरुवातीकडे तोंड करून असतात, म्हणजे बहुतेक वेळा डावीकडे. चेहरे उजवीकडे बघत असले तर लेख उलटा कोरलेला आहे, याश्चिलान या माया शहरातल्या 25 नंबरच्या चौकटीवर, म्हणजे दारावरच्या आडव्या दगडावर, तसा आरशातला लेख आहे. (ती चौकट सध्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, काय बोलणार.)

आकडे

हे तासाभरात जमतं, खरंच. टिंब म्हणजे 1, आडवी दांडी म्हणजे 5, शिंपल्यासारखं चिन्ह म्हणजे 0. दोन दांड्या तीन टिंबं म्हणजे 13. एवढं तर राफिनेस्क नावाच्या गृहस्थाने 1832 मध्येच ओळखलं होतं. दगडावर एक फसगत असते, कोरणाऱ्याला जागा भरलेली हवी असायची म्हणून टिंबाच्या आजूबाजूला चंद्रकोरीसारखी नक्षी टाकायचे. ती मोजायची नाही, 1 चा 3 होऊन बसतो.

आता तारीख. लांब तारखेत पाच आकडे असतात, वरून खाली: बाकतुन (144000 दिवस), कातुन (7200), तुन (360), विनाल (20) आणि किन (1). सगळं 20 च्या पटीत चालतं, फक्त विनाल 18 झाले की तुन होतो, कारण वर्षाच्या जवळ जायचं असतं. मोजणी सुरू होते इसवी सनापूर्वी 3114 च्या ऑगस्टपासून, त्या दिवसाचं नाव 4 अहाव. हे सगळं गणित फ्योर्स्टेमान नावाच्या ड्रेस्डेनच्या लायब्रेरियनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुस्तक समोर ठेवून सोडवलं, भाषेचा एक शब्द वाचता येत नसताना.

करून बघा. पालेंके या माया शहराचा राजा पाकाल, त्याची जन्मतारीख 9.8.9.13.0. गुणाकार करा: 1296000 + 57600 + 3240 + 260 + 0, एकूण 1357100 दिवस. आता उत्तर बरोबर आहे का ते तपासायचं, कारण लेखात लांब तारखेबरोबर दिवसाचं नावही असतं, 1 ते 13 चा आकडा आणि 20 नावांपैकी एक. 1357100 ला 13 ने भागा, बाकी 4, सुरुवातीच्या 4 मध्ये मिळवा, झाले 8. 20 ने भागा, बाकी 0, म्हणजे नाव तेच, अहाव. लेखात बघा, 8 अहाव लिहिलेलंच आहे! आपल्या हिशोबाने हा मार्च 603. दगड झिजून एखादा आकडा गेला असेल तर याच उलट्या हिशोबाने तो भरून काढतात. आणि हो, 2012 मध्ये जगबुडीचा जो बोभाटा झाला तो एवढाच की 13 बाकतुन पूर्ण होऊन मीटरचा आकडा पुढे सरकणार होता.

अक्षरं, आणि इथे आपला फायदा आहे

ज्याने पुस्तकं जाळली त्या लांदानेच लिपीची किल्ली लिहून ठेवली. त्याच्यावर स्पेनमध्ये चौकशी लागली, तेव्हा 1566 च्या सुमाराला त्याने युकातानवर एक मोठा वृत्तांत लिहिला आणि त्यात माया 'अल्फाबेट' दिलं. त्याची संक्षिप्त नक्कल 1862 मध्ये ब्रासर द बूरबूर या फ्रेंच पाद्र्याला माद्रिदच्या दप्तरात सापडली, 1864 ला छापली, आणि सगळे त्यावर तुटून पडले. चिन्हं घालून वाचायला गेलं की निव्वळ बडबड बाहेर येत होती, शेवटी लांदाला काही कळत नव्हतं असं म्हणून लोकांनी तो कागद बाजूला टाकला.

झालं होतं असं की लांदाने माया लेखकाला समोर बसवून विचारलं, 'बे' काढ. त्याच्या डोक्यात स्पॅनिश अक्षराचं नाव. लेखकाने ऐकलं 'बे', म्हणजे त्याच्या भाषेत रस्ता, त्याने रस्त्यावरच्या पावलाचं चिन्ह काढलं. प्रत्येक अक्षराला हेच. शेवटी एखादं वाक्य लिही म्हटल्यावर बिचाऱ्याने लिहिलं 'मा इन काती', म्हणजे मला नकोय! वैतागला असणार. म्हणजे त्या यादीत अक्षरांच्या नावाखाली पूर्ण उच्चार, म्हणजे व्यंजन अधिक स्वर, नोंदले गेले होते.

हे ओळखलं युरी क्नोरोझोव्ह या तरुण सोव्हिएत संशोधकाने, लेनिनग्राडमध्ये बसून, 1952 च्या लेखात. त्याची पद्धत तुम्ही ड्रेस्डेनच्या पानांवर स्वतः करू शकता. टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हं आहेत, पहिलं लांदाच्या यादीतलं 'कु'. युकातेक भाषेत, म्हणजे त्या जिवंत राहिलेल्या माया भाषांपैकी एकीत, टर्कीला म्हणतात 'कुत्स', मग दुसरं चिन्ह 'त्सु' असणार. आता कुत्र्याच्या चित्रावर जा, तिथे 'त्सु' आणि त्यापुढे लांदाचं एल, म्हणजे 'लु'. त्सु-लु, त्सुल, आणि त्सुल म्हणजे कुत्रा. अजून एक, जिथे 11 चा आकडा यायला हवा तिथे तीन चिन्हं आहेत, पहिलं पुसट, मग लु, मग कु. अकराला म्हणतात 'बुलुक'. म्हणजे पहिलं 'बु'. बघा, एकाने दुसरं उघडतंय.

लिहिलंय 'त्सुलु' आणि वाचायचं 'त्सुल', शेवटचा स्वर गिळायचा. इंग्रजीवाल्यांना हे समजवायला पानंच्या पानं लागतात. आपण रोज 'घर' लिहितो, त्यातल्या र मध्ये अ आहे आणि तो कुणी म्हणत नाही. म्हणून माया चिन्हांकडे ए-बी-सी म्हणून बघायचं नाही, बाराखडी म्हणून बघायचं. नवशिक्याने पा-पे-पि-पो-पु असा तक्ता घेऊन बसावं, घरं रिकामी दिसली तरी घाबरू नये. उच्चाराची एक सूचना, माया भाषांत क दोन आहेत, एक आपला साधा आणि एक घशात श्वास अडवून फोडलेला, तो दुसरा म्हणजे आपला ख नव्हे.

क्नोरोझोव्हचं म्हणणं मान्य व्हायला मात्र वीसेक वर्षं गेली. तेव्हाचे सगळ्यात वजनदार माया अभ्यासक एरिक थॉम्पसन, त्यांना हे अजिबात पटलं नाही, त्यात शीतयुद्ध, मॉस्कोहून आलेला लेख, अगोदरच संशय. माणूस विद्वान होता, चिन्हांची त्यांची सूची आजही वापरतात, पण या एका बाबतीत त्यांनी अख्खी गाडी अडवून धरली असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पेला

माया मातीच्या रंगीत पेल्यांवर काठाच्या बाजूने एक ओळ असते आणि ती बरीचशी ठरलेली असते, हा पेला अमक्याचा, यातून तमुक प्यायचं. शिकणाऱ्याला याच्यासारखी सोय नाही. कुठल्याही म्युझियमच्या साइटवर असा पेला उघडा आणि काठावर मासा शोधा. मासा किंवा कंगव्यासारखा त्याचा पर म्हणजे 'का'. माशाच्या डोक्याजवळ दोन बारीक टिंबं असली तर ते 2 नाहीत, ती खूण आहे की हे दोनदा वाचा. का-का. त्यापुढे 'वा'. का-का-वा, शेवटचा आ गिळला की काकाव, आपला कोको! ग्वाटेमालात रिओ असुल इथल्या थडग्यात 1984 मध्ये फिरवून लावायच्या झाकणाचं एक भांडं मिळालं, त्यावर हेच लिहिलेलं, आणि आतला खरवड हर्शी कंपनीच्या लॅबमध्ये तपासला तर खरोखर कोको निघाला. कोकोच्या आधी यु-कि-बि असे तीन तुकडे दिसले तर ते 'युकिब', त्याचं पिण्याचं भांडं. झाले की दोन शब्द.

नावं आणि क्रियापदं

सगळी चिन्हं अक्षरं नाहीत हे आता सांगायला हरकत नाही. एकूण चिन्हं आठशेच्या आसपास, त्यातली बरीच अख्खा शब्द दाखवतात आणि लेखक दोन्ही मनसोक्त मिसळतात. पाकाल म्हणजे ढाल. कधी नुसतं ढालीचं चित्र, कधी पा-का-ला अशी तीन अक्षरं, कधी ढाल आणि खाली मदतीला 'ला'. जग्वारचं, म्हणजे 'बालाम'चं, तसंच: कधी नुसतं जग्वारचं डोकं, कधी त्याला बा किंवा मा जोडलेलं, कधी बा-ला-मा. एकच शब्द तीन रूपांत दिसला की वहीत शेजारी शेजारी काढून ठेवा, लिपी शिकण्यातलं अर्धं काम हेच आहे.

दगडावर खरी माणसं आहेत, राजांचा इतिहास आहे, हे 1960 मध्ये तात्याना प्रोस्कुरियाकोफने दाखवलं, तेही उच्चार न वाचता. पिएद्रास नेग्रास या माया शहराच्या दगडांवर तिने तारखांचे गट पाडले, प्रत्येक गट माणसाच्या आयुष्यात मावेल एवढाच निघाला. सुरुवातीच्या तारखेला नेहमी वर तोंड केलेल्या बेडकासारखं चिन्ह, तो जन्म. पुढे दात दुखत असल्यासारखं फडकं बांधलेलं चिन्ह, ते गादीवर बसणं. ही दोन चिन्हं आधी ओळखायला शिका, सगळीकडे भेटतात. मग 1973 मध्ये पालेंकेच्या परिषदेत लिंडा शेले, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी यांनी तारखा, नावं, क्रियापदं एकत्र लावून तिथल्या राजांची वंशावळ एका बैठकीत जुळवली.

तुमचं पहिलं पूर्ण वाक्य म्हणून याश्चिलानची 8 नंबरची चौकट घ्या, साल 755. दोन योद्धे दोन कैद्यांना धरून आहेत. आधी तारीख, 7 इमिश 14 त्सेक (7 इमिश हे दिवसाचं नाव, 14 त्सेक ही महिन्यातली तारीख). मग चु-का-हा, 'चुकाह', पकडला गेला. माया वाक्यात क्रियापद पहिलं येतं, म्हणून तारखेनंतरचा ठोकळा नेहमी क्रियापद समजून बघायचा. मग ज्याला पकडलं त्याचं नाव, रत्न आणि कवटीचं चिन्ह. हे नाव बरोबर ओळखलं का ते तपासायचं असेल तर खाली कैद्याच्या मांडीकडे बघा, तेच चिन्ह तिथे कोरलंय. मग उ-बा-कि, 'त्याचा कैदी', आणि शेवटी तो 'त्याचा' म्हणजे कुणाचा ते, पक्षी आणि जग्वारचं डोकं एकत्र असलेलं राजाचं नाव. बा-कि मध्ये शेवटचा स्वर आधीच्या स्वराशी जुळत नाही, तिथे मधला आ लांब असावा असं बरेच जण मानतात, वाद अजून चालू आहे, तुम्ही सध्या 'बाक' वाचून पुढे जा.